बाबांच्या प्रश्नाला उत्तर

मुंबई, रविवार

ती. आई आणि बाबा यांना सा. न. वि. वि.

वर्तमानपत्रातील कायमची जागा सोडून तू आता नेमके करतेस काय, आणि कोणी विचारले तर तुला पत्रकार म्हणायचे की अभ्यासक, असे बाबांनी परवा फोनवर विचारले. मी हसून वेळ मारून नेली. पण प्रश्न रास्त होता.

२०२० साली नेपाळने लिपुलेख खिंड आपल्या हद्दीत दाखवणारा नकाशा काढला, तेव्हा रात्री घाईघाईने मी त्यावर लिहिले होते. बाबांनी ते कात्रण जपून ठेवले आहे. त्यात चुकीचे काही नव्हते, पण मोलाचेही काही नव्हते. पुढे भारत आणि चीन यांच्यातला पंचशील करार मी पहिल्यांदा शेवटपर्यंत वाचला. बाबा, तुमच्याप्रमाणे मलाही त्यातली पाच तत्त्वेच ठाऊक होती. ती तर नुसत्या प्रस्तावनेत आहेत! २९ एप्रिल १९५४ चा तो करार मुळात तिबेटशी होणारा व्यापार आणि तिकडची यात्रा यांविषयीचा आहे: भारताच्या व्यापारी कचेऱ्या यातुंग, ग्यांत्से आणि गार्तोक येथे असाव्यात, आणि व्यापाऱ्यांनी व यात्रेकरूंनी सहा खिंडींतून ये-जा करावी. त्या यादीतील शेवटचे नाव लिपुलेख. इतकी वर्षे परराष्ट्र धोरणावर लिहिणाऱ्या मला हे माहीत नव्हते, याची लाज वाटली.

त्याच करारात तिबेटचा उल्लेख ‘चीनचा तिबेट प्रदेश’ असा आहे, म्हणजे सर्वांत मोठी गोष्ट भारताने जणू बोलता बोलता मान्य केली. मुदत मात्र अवघी ८ वर्षांची होती. १९६२ च्या जूनमध्ये ती संपली, करार पुढे चालू राहिला नाही आणि ऑक्टोबरमध्ये युद्ध झाले. मुदत संपली म्हणून युद्ध झाले, असे मी म्हणणार नाही. पण त्या चार महिन्यांत दिल्लीत कोणी काय लिहिले, हे शोधण्यात माझे सध्याचे दिवस जातात. त्यासाठी दिल्लीच्या अभिलेखागारात खेपा घालते, आणि मुंबईत असले की एशियाटिक ग्रंथालयाच्या पायऱ्या चढते.

बातमीदारी मी सोडलेली नाही. महिन्याला दोन-तीन लेख लिहिते, त्यावर घरभाडे निघते. आई, तुझी काळजी मला कळते. पगाराची तारीख नसणे मलाही जड जाते. पण संपादक गोविंद तळवलकरांचे अग्रलेख बाबा मला मोठ्याने वाचायला लावत, आणि सोव्हिएत संघाविषयी लिहिणारा हा माणूस मुंबईत बसून इतके कसे जाणतो, असे मी विचारले की म्हणत, ‘वाचतो म्हणून.’ तेव्हा या दुखण्याचे मूळ घरातच आहे.

शेजाऱ्यांना पत्रकारच सांगा. गणपतीला येईन तेव्हा करार घेऊन येते. बाबांनी चष्म्याचा नंबर तेवढा तपासून ठेवावा.

तुमची,
मुक्ता