ईसीजी नॉर्मल आला, पुढे काय?

महोदय,

रात्री अचानक छाती धडधडू लागते, दरदरून घाम फुटतो, श्वास पुरत नाही, बोटांना मुंग्या येतात आणि ‘आता मी काही वाचत नाही’ असे वाटते. घरचे धावतपळत रुग्णालयात नेतात. ईसीजी नॉर्मल येतो आणि ‘काही झालेलं नाही, टेन्शन घेऊ नका’ एवढ्यावर रुग्णाची बोळवण होते. पॅनिक अटॅकच्या, म्हणजे अचानक उसळणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्याच्या, असंख्य रुग्णांची परवड इथूनच सुरू होते.

छातीत पहिल्यांदा दुखल्यावर ईसीजी काढायलाच हवा. चालताना किंवा जिना चढताना येणारी, जबड्याकडे वा डाव्या हाताकडे जाणारी, पंधरा-वीस मिनिटांनंतरही न ओसरणारी कळ ‘पॅनिक असेल’ म्हणून कुणीही अंगावर काढू नये. सोबत थायरॉईड, हिमोग्लोबिन आणि साखरही तपासावी, कारण त्यांतल्या बिघाडानेही धडधड होते.

पॅनिक अटॅक साधारण १० मिनिटांत कळसाला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. भरभर श्वास घेतल्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो. मुंग्या, चक्कर, बोटे आखडणे ही त्याचीच लक्षणे. अशा वेळी भोवतालची माणसे कळवळून ‘मोठा श्वास घे’ म्हणतात आणि त्रास वाढतो. श्वास मोठा नको, संथ हवा. बसवून नाकाने चार आकडे मोजत हलका श्वास आत आणि सहा मोजत बाहेर, असे काही मिनिटे करवून घ्यावे. तोंडाला कागदी पिशवी लावू नये. दमा किंवा हृदयविकार असेल तर ते धोक्याचे ठरते.

असा एखादा अटॅक आला म्हणजे विकार जडला असे नाही. अटॅक अवचित, वारंवार येत असतील आणि ‘पुन्हा आला तर?’ या धास्तीने महिनाभर वागणेच बदलले असेल, तर त्याला पॅनिक डिसऑर्डर म्हणतात. मग माणूस एसटी टाळतो, गर्दी टाळतो, सोबतीशिवाय बाहेर पडत नाही. टाळल्याने तेवढ्यापुरते बरे वाटते आणि भीती आणखी पक्की होते. म्हणून उपचारात टाळलेल्या ठिकाणी टप्प्याटप्प्याने, पुन्हा पुन्हा जावे लागते. हा सराव तज्ज्ञाकडून शिकून घ्यावा.

सततच्या चिंतेचा विकार वेगळा. त्यात अटॅक येतीलच असे नाही. सहा महिने आणि अधिक काळ घर, पैसा, तब्येत अशा सगळ्याचीच काळजी, मान-खांदे आखडलेले, झोप उडालेली. असे रुग्ण बहुधा पाठदुखी किंवा पित्ताची तक्रार घेऊन येतात. चारचौघांत बोलताना, खाताना लोक आपल्याला हसतील ही भीती आणखी निराळी. रक्त किंवा सुई पाहून भोवळ येणाऱ्यांचा प्रकार तर उलटाच: त्यांचा रक्तदाब घसरतो, म्हणून त्यांना ‘अंग सैल सोड’ सांगणे चूक. त्यांनी हात, पाय आणि पोटाचे स्नायू १०-१५ सेकंद ताणून धरावेत, किंचित सैल करावेत, पुन्हा ताणावेत. नेमका प्रकार ओळखणे गरजेचे ते यासाठी.

औषधांबाबत आम्हाला फार काळजी वाटते. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या गोळ्यांनी लगेच बरे वाटते, पण त्या बहुतेकदा दोन ते चार आठवड्यांपुरत्याच असाव्यात. जुन्या चिठ्ठीवर त्या महिनोन्‌महिने घेतल्या तर सवय लागते आणि एकदम बंद केल्यास फिट येऊ शकते. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांची सवय लागत नाही, मात्र गुण यायला काही आठवडे जातात. सुरुवातीला बेचैनी थोडी वाढते. त्यामुळे कमी मात्रेने सुरू करतात. नेमके त्याच दिवसांत रुग्ण गोळी सोडून देतात, कारण हे त्यांना कुणी सांगितलेलेच नसते. बंद करतानाही ती डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागते.

आरोग्य विभागाला आमची विनंती आहे: ईसीजी नॉर्मल आलेल्या अशा रुग्णाच्या कागदावर ‘पॅनिक अटॅकची शक्यता, मानसोपचार विभागात दाखवावे’ ही ओळ आणि टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि तिथे मराठीत बोलता येते.

– मानसोपचार क्षेत्रातील काही कार्यकर्ते, सातारा