इटलीत, बोलोन्यातल्या शेजारीणबाईंना

प्रिय सिन्योरा,

हे पत्र मराठीत लिहितेय. तुमच्या भाषेत मला भाजी आणता येते, बसचं तिकीट काढता येतं, पण मनातलं बोलायला ती अजून पुरत नाही. तुमच्या नातीला मी एकेका ओळीचा अर्थ सांगेन, ती तुम्हाला सांगेल.

आई डिसेंबरात साताऱ्याहून आली आणि तुम्ही लिफ्टमध्येच विचारलंत, "नाताळला जेवायला येणार ना?" मी गडबडले. बोलोन्यात नाताळच्या दुपारी कोंबड्याच्या रश्श्यातले तोर्तेल्लीनी, म्हणजे सारण भरलेले छोटे पास्ते, असतात, आणि सारणात डुकराचं मांस, हॅम, मोर्तादेल्ला सॉसेज. आई अंडं खाते, पण मांसमच्छी नाही. मी म्हटलं, तिची काळजी करू नका, ती दहीभात खाईल. हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय. बाबांच्या मित्रांकडे, लग्नकार्यात, माझ्या सासरीसुद्धा आई स्वतःच तसं म्हणायची आणि आपली वाटी घेऊन कडेला बसायची.

तुम्ही म्हणालात, "मग पंचवीसला नको, चोवीसला रात्री या. त्या रात्री आम्हीही मांस खात नाही." नाताळच्या आदल्या रात्री 'दी माग्रो', म्हणजे मांसाशिवाय, जेवायची तुमची जुनी रीत मला माहीतच नव्हती. त्यात मासे चालतात. पण त्या रात्री तुम्ही बाकाला हा खारवलेला मासाही आणला नाहीत.

चीजचं मी भीतभीतच सांगितलं होतं. पार्मिज्यानोचं दूध जमवायला वासराच्या जठरातलं रेनेट घालतात, आईला ते चालणार नाही. ज्या शहराने तोर्तेल्लीनीच्या सारणाची कृती 1974 मध्ये चेंबर ऑफ कॉमर्समध्ये रीतसर नोंदवून ठेवली, त्या शहरातल्या बाईला पार्मिज्यानो बाजूला ठेवा म्हणणं सोपं नव्हतं. तुम्ही वाद घातला नाहीत. बाजारात जाऊन लेबलं वाचलीत आणि वनस्पतीजन्य रेनेटचं चीज शोधून आणलंत. सारणातल्या मऊ रिकोत्ता चीजऐवजी घरीच लिंबू पिळून दूध फाडलंत. आईने पातेल्यात डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हे तर आपलं पनीर!"

ती दुपार मी विसरणार नाही. 100 ग्रॅम पिठाला एक अंडं, हा तुमचा हिशेब आईने लगेच वहीत लिहून घेतला. गोळा अर्धा तास झाकून ठेवलात आणि मग ते हातभर लांब लाटणं काढलंत. आई पन्नास वर्षं पोळ्या लाटतेय, पण लाटण्याला गुंडाळत गुंडाळत टेबलभर पसरणारी पोळी तिने कधी पाहिली नव्हती. लाटलेली ती पोळी, तुमची स्फोल्या, तुम्ही खिडकीसमोर धरलीत. पलीकडे सान लुका दिसला पाहिजे, इतकी पातळ! टेकडीवरचं ते देऊळ धुक्यात होतं, पण आईला तुमचं म्हणणं कळलं. तिने आपल्या हाताने चौकोन कापले, सारण भरलं, त्रिकोण दुमडून टोकं जुळवली. करंजीला मुरड घालणारी बोटं, त्यांना शिकवावं लागलं नाही. झालेले तोर्तेल्लोनी, म्हणजे तोर्तेल्लीनीची मोठी भावंडं, तुम्ही फडक्याखाली झाकून ठेवलेत, दिवाळीत आम्ही करंज्या ठेवतो तसेच. तुम्हा दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, हे मला मधेच कधीतरी आठवलं.

रात्री टेबलावर अकराजण होतो. लोणी आणि साल्व्हियाच्या सुवासिक पानांत परतलेले तोर्तेल्लोनी एका मोठ्या परातीत आले आणि सगळ्यांनी त्यातूनच घेतले, तुमच्या मुलांनी, नातवंडांनी आणि माझ्या आईने. तिची वेगळी वाटी नव्हती. शेवटी बदाम, मध आणि मसाल्यांचा चेर्तोझीनो केक आला, तेव्हा आई तुमच्या थोरल्या सुनेशी खुणांनी गप्पा मारत टेबलाच्या मध्यावर बसली होती. मी तिला परक्या घरच्या पंगतीत अशी मोकळी जेवताना पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर मी खूप वेळ रडले, सिन्योरा. तुम्हाला हे सांगितलं नव्हतं.

तुमचे आभार याचेच. आईसाठी वेगळा पदार्थ करणं तुम्हाला सोपं होतं. तुम्ही सगळ्या घराचं जेवण तिला चालेल असं केलंत, आणि ते तुमच्या सणाचंच राहिलं.

आई मार्चमध्ये पुन्हा येतेय. होळीला तुम्ही सगळ्यांनी आमच्याकडे जेवायचं, असं तिने साताऱ्याहूनच ठरवलंय. हरभऱ्याची डाळ आणि गूळ ती बरोबर आणणार आहे. पुरणपोळीसाठी तुमचं लाटणं मात्र द्याल ना?

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची