रविवारची गोळी

चि. मीनल,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू म्हणालीस, "हात वर जातोय की आता, गोळी कशाला? बंद केली मी," आणि लगेच कैऱ्यांचं विचारलंस. कैऱ्या भरपूर लागल्यात, लोणचं पुढच्या आठवड्यात घालेन. गोळीबद्दल लिहायचं नाही असं तुझ्या बाबांना कबूल केलं होतं, पण दुसरं काही सुचतच नाही.

अगं, हात वर जातोय तो त्या गोळीमुळेच ना? मेथोट्रेक्सेटचा गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, हे डॉक्टरांनी माझ्यासमोर सांगितलं होतं. तेवढे दिवस कळ सोसून काढलेस. आधी सगळे फ्रोजन शोल्डरच म्हणत होते. बोटांच्या मुळाशी आलेली सूज आणि सकाळी तासभर आखडलेले हात तूच डॉक्टरांना दाखवलेस, म्हणून अँटी-सीसीपी ही रक्ताची तपासणी झाली आणि हा ऱ्हुमॅटॉइड संधिवात आहे हे कळलं. किती सावध पोरगी आहे माझी, असं तेव्हा वाटलं होतं.

या आजारात आपली राखण करणारी शक्तीच सांध्याच्या आतल्या अस्तरावर उठते. ते अस्तर सुजतं, जाड होतं आणि कूर्चा, हाड पोखरायला लागतं. खांद्यात तर हात उचलणारे स्नायूबंधही त्या सुजेत झिजतात, कधी तुटतात. दुखायचं कमी झालं म्हणजे आतलं पोखरणं थांबलंच असं नाही, आणि एकदा झिजलेलं परत भरून येत नाही. नुसत्या वेदनाशामक गोळ्यांनी हे थांबत नाही.

माई आत्या तुला नीटशा आठवत नसतील. उंबऱ्यावर बसून कोपर गुडघ्यावर टेकवायच्या, फणी हातात घट्ट धरायच्या आणि डोकंच फणीवरून फिरवायच्या. हात केसांपर्यंत पोचायचाच नाही. पुढे पोलक्याच्या बाहीत हात घालायलाही मी लागायचे. त्यांच्या नशिबी ॲस्पिरिन आणि वाळूचा शेक, एवढंच होतं. वेणी घालून झाली की माझ्या हातावर खडीसाखर ठेवायच्या. काय सांगत होते मी?

हं, गोळी. रविवारीच घे, आठवड्यातून एकदाच. चुकली असेल तर दोन एकदम घेऊ नकोस आणि रोज तर मुळीच नाही, जिवावर बेतू शकतं. फॉलिक ॲसिड वेगळ्या दिवशी. जाऊबाईंनी दिलेल्या बिननावाच्या पुडीला हात लावू नकोस. असल्या पुड्यांत कधीकधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं, चार दिवस बरं वाटतं आणि मग भोगावं लागतं. सकाळी गरम पाण्याचा शेक घे, मग वाकून हात सैल सोडून झुलव, भिंतीवर बोटं चढव. खांदा सुजून गरम लागेल त्या दिवशी जोर करायचा नाही, बर्फ लावायचा. त्या कुशीवर झोपू नकोस. वह्यांचा गठ्ठा शिपायाला उचलू दे.

बघ, झालं माझं भाषण सुरू. रागावू नकोस. तू शिकवतेस, तुला कळतं सगळं. संमेलनाच्या फळ्यावर वरच्या कडेपर्यंत काढलेली ती वेलबुट्टी मी सगळ्यांना दाखवत फिरते. तो हात खाली राहू नये, एवढंच मनात येतं.

एक विचारू का? बाळाचा विचार आहे म्हणून बंद केलीस का गं? तसं असेल तर मला आनंदच आहे, पण मनाने करू नकोस. ही गोळी पोटातल्या बाळाला घातक, म्हणून काही महिने आधीच थांबवतात. पण तिच्या जागी हायड्रॉक्सिक्लोरोक्विन किंवा सल्फासॅलाझिनसारखं गरोदरपणात चालणारं औषध देतात, सांधा उघड्यावर सोडत नाहीत. डॉक्टर ठरवतील तोवर दिवस राहणार नाहीत याची काळजी घ्या दोघंही. आणि आधीच काही चुकलं असेल, पाळी लांबली असेल, तर आजच डॉक्टरांना फोन कर. मी ओरडणार नाही.

यावेळचा रक्ताचा रिपोर्ट आला की फोटो पाठव. पांढऱ्या पेशी आणि लिव्हरचे आकडे आता मलाही वाचता येतात. बाबा म्हणतात, वेळ ठरली की सांग, डॉक्टरांकडे मी घेऊन जातो.

तुझी,
आई