उत्तम शुक्रवारची (गुड फ्रायडेची) उपासना: आठवण
सगळ्यांना सलाम. शुक्रवारी दुपारी 12 ते 3 प्रभू येशूनं क्रूसावरनं काढलेल्या सात उद्गारांची उपासना आहे, आणि हे तीन तास का तर सहाव्या तासापासून नवव्या तासापर्यंत (म्हणजे आपल्या दुपारी 12 ते 3) देशभर अंधार पडला असं शुभवर्तमानात आहे म्हणून, तेव्हा बारालाच या, दीडला येऊन मागं उभं राहू नका.

घरी बायबलमधनं वाचून यायचं आहे, लूक 23 आणि योहान 19, या दोन्हीत तीन-तीन उद्गार आहेत आणि उरलेला एक मत्तय 27 आणि मार्क 15 मध्ये. स्तोत्र 22 मात्र नक्की वाचा, कारण तो उरलेला उद्गार, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास", ही त्याचीच पहिली ओळ आहे, प्रभू वेदनेतसुद्धा प्रार्थनाच म्हणत होता, मला तर हे वाचताना दरवेळी भरून येतं. "मला तहान लागली आहे" म्हणाल्यावर शिपायांनी आंबेत (आंबट द्राक्षारसात) बुडवलेला स्पंज एजोब नावाच्या झुडपाच्या काठीवर लावून तोंडाशी धरला, तेवढ्यावर पण थोडं थांबून विचार करा, घाई नको.

प्रत्येक उद्गारानंतर शांत प्रार्थना आहे, त्यावेळी मोबाईल बंद पाहिजेत. शाहूपुरी, कसबा बावड्याकडनं येणाऱ्यांनी म्हाताऱ्या माणसांना गाडीवरनं घेऊन या, दुपारचं ऊन लई आहे. उपवास असला तरी औषधं चालू असणाऱ्यांनी ती घ्यायचीच. तरुण संघानं साडेअकराला येऊन सतरंज्या टाका.