लावणीनंतरचा प्रत्येक ताप टीबीचा नसतो

माननीय संपादक,

लावणीचे दिवस तोंडावर आलेत, म्हणून घाईने लिहिते आहे.

माझा थोरला भाऊ सिंधुदुर्गात भात लावतो. वय ६१, शुगर जुनी. गेल्या आषाढात टाचांना भेगा असताना अनवाणीच चिखलणी केली. श्रावणात ताप आला, वजन घटलं, छातीच्या एक्स-रेत डाग दिसला आणि टीबीची औषधं सुरू झाली. अडीच महिन्यांतही ताप हटेना, तेव्हा वहिनी त्याला माझ्याकडे पुण्यात घेऊन आली. इथे प्लीहेत गळू सापडलं. पू कल्चरला (जंतू वाढवून ओळखायला) दिला आणि निघाला मेलिओइडोसिस, मातीतल्या जिवाणूचा आजार.

दादा विचारत होता, ‘‘अगं, अख्ख्या वाडीने चिखल तुडवला, मग मलाच का?’’

या आजाराचा जिवाणू, बर्खोल्डेरिया स्युडोमलाय, ओल्या मातीत आणि पाण्यात राहतो. व्हिटमोर आणि कृष्णस्वामींनी १९१२मध्ये रंगूनहून त्याची नोंद केली. धडधाकट माणसाच्या पांढऱ्या पेशी बहुधा त्याला आवरतात. शुगर वाढलेली असली की न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी जखमेकडे उशिरा पोचतात, गिळतातही कमी. आणि हा गिळला तरी मरेलच असं नाही. पेशी त्याला ज्या पिशवीत कोंडते, ती फोडून तो सुटतो. पेशीतल्याच अ‍ॅक्टिन या प्रथिनाची शेपटी करून शेजारच्या पेशीत घुसतो, दोन्ही पेशी जोडून एक करतो. अँटिबॉडी रक्तात फिरत राहतात, आत लपलेला जिवाणू त्यांच्या हाती लागत नाही. म्हणून तर दादाला आधी शिरेतून सेफ्टाझिडिम हे अँटिबायोटिक आणि पुढे तीन महिने को-ट्रायमोक्सॅझोलच्या गोळ्या घ्याव्या लागल्या. गोळ्या मध्येच सोडल्या तर आजार उलटतो.

मी तीस वर्षं मायक्रोबायोलॉजीच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. आता तिथे बसणाऱ्या मुलामुलींना कळकळीने सांगते : सेफ्टी पिनसारखा रंगणारा, ऑक्सिडेज पॉझिटिव्ह, जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या अँटिबायोटिकांना दाद न देणारा, पण को-अ‍ॅमॉक्सिक्लॅव्हने मरणारा जिवाणू दिसला, तर ‘कंटॅमिनेशन’ म्हणून प्लेट टाकू नका. तिचा वास घेऊ नका, सेफ्टी कॅबिनेटमध्येच हाताळा आणि डॉक्टरांना लगेच फोन करा. अशी एखादी प्लेट माझ्याही हातून गेली असेल, हा विचार मला झोपू देत नाही.

आणि डॉक्टरांनो, रुग्णाला शुगर असेल तर ‘यंदा चिखलात उतरला होतात का?’ एवढं विचारा.

रविवार पेठेतून दादा-वहिनीसाठी गमबूट घेतलेत. चिखलात रुतून बसतात, अशी त्याची कुरकुर आहे. तरी घालीन म्हणालाय.

– एक निवृत्त लॅब टेक्निशियन, सहकारनगर, पुणे