राजासाठी पैसे साठवू नका

सोल

ती. आई-बाबांस, सा. न.

मी मजेत आहे. थंडी कडाक्याची आहे, पण इथे फरशीखालूनच ऊब येते, तेव्हा आई, स्वेटरचं पार्सल खरंच पाठवू नकोस.

बाबा, आपल्या कुत्र्याचा, राजाचा, क्लोन म्हणजे त्याच्याच पेशीपासून दुसरा कुत्रा करून घ्यायला तुम्ही पैसे साठवताय, त्याबद्दल फोनवर नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहिते. आधी आईची धास्ती घालवते. आमच्या प्रयोगशाळेत कुत्र्यांचे क्लोन करत नाहीत. माझं काम गाईंच्या भ्रूणांवर आहे आणि त्यासाठी लागणारी बीजांडं कत्तलखान्यातून आणलेल्या अंडाशयांतून मिळतात. हरियाणातल्या कर्नालला 2009 मध्ये म्हशीचं क्लोन रेडकू जन्मलं, तेही याच वाटेने.

कुत्रीचं तसं जमत नाही. तिचं बीजांड अंडाशयातून सुटतं ते कच्चंच, आणि पुढे दोन-तीन दिवस गर्भाशयाकडे जाणाऱ्या नळीत पिकतं. काचेच्या बशीत ते नीट पिकत नाही. त्यामुळे माजावरच्या कुत्रीचं रोज रक्त काढून त्यातलं प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक बघायचं, दिवस धरायचा, भूल देऊन पोट उघडायचं आणि नळी धुऊन बीजांडं काढायची. माज वर्षातून एकदा-दोनदा येतो, इंजेक्शनने भरवशाने आणणं अवघड असतं. म्हणजे एका राजासाठी कुत्र्यांचा कळप पिंजऱ्यात ठेवावा लागतो. मग बीजांडातलं केंद्रक काढून राजाच्या कातडीची पेशी आत सोडायची, विजेच्या बारीक झटक्याने दोन्ही एकजीव करायच्या आणि दुसऱ्या कुत्रीचं पोट उघडून तिच्या नळीत ठेवायचं.

पहिला क्लोन कुत्रा स्नपी 2005 मध्ये इथेच, सोलमध्ये जन्मला. 1,095 भ्रूण 123 कुत्र्यांमध्ये सोडले होते. तीन गाभण राहिल्या, एकीचा गर्भ पडला, दोन पिल्लं झाली आणि त्यातलं एक 22 दिवसांनी न्यूमोनियाने गेलं. पुढे हात बसला, आकडे सुधारले, पण ती दोन ऑपरेशनं टळलेली नाहीत. अमेरिकेत यासाठी 50 हजार डॉलर घेतात. पैशांचं मी समजू शकते बाबा, पण ज्यांची पोटं उघडली त्या कुत्र्यांना कोण विचारतं?

आणि येईल तो राजा नसेल. छातीवरचा पांढरा ठिपका गर्भात रंगपेशी कशा पसरतात त्यावर ठरतो, तो दुसरीकडे येऊ शकतो. आईच्या पावलांची चाहूल ओळखून फाटकाशी उभं राहणं तर कातडीच्या पेशीत नसतंच. शेजारच्या काकांना सांगा, गळलेले केस जपून काही होत नाही, जिवंत पेशी लागतात. मेलेल्या जनावराला डीप फ्रीजरमध्ये ठेवलं तर बर्फाने त्याही फुटतात.

त्यापेक्षा त्याच्या मागच्या पायांचं बघा. गुळगुळीत फरशीवर जाजम अंथरा, लघवी-रक्त तपासून घ्या, आणि माणसांची दुखण्याची गोळी चुकूनही देऊ नका, आयबुप्रोफेनने कुत्र्याची किडनी जाते.

इथले लोक कुत्र्यांना बाबागाडीतून फिरवतात. आई, तुला वाटेल आजारी कुत्री असतील, पण नाही, चांगली धडधाकट! गाडीला छत, पुढे जाळी, आत गादी, पावसाळ्यासाठी प्लास्टिकचं आवरण, पट्टा अडकवायला आत हुक. लिफ्टमध्ये गाडी आधी, माणसं मागून. लहान घरं, गर्दीची मेट्रो, उन्हात तापलेले रस्ते आणि म्हातारी होत चाललेली कुत्री अशी कारणं सांगतात. 2023 मध्ये इथल्या एका मोठ्या ऑनलाइन दुकानात या गाड्या बाळांच्या गाड्यांपेक्षा जास्त विकल्या गेल्या. इतका जीव लावणाऱ्यांना क्लोनचा मोह होतो हे मला कळतं. म्हणूनच त्यांना आतलं सगळं सांगायला हवं असं वाटतं.

चाळीस हजार पाठवलेत. त्यातले राजाच्या तपासणीला वापरा, उरलेले ताईच्या साखरपुड्याला. हॉलचा अॅडव्हान्स भरला असेल तर पावती फोटो काढून पाठवा. मला सुट्टी मिळायची चिन्हं नाहीत, म्हणून तारीख माझ्यासाठी पुढे ढकलू नका. पुण्याच्या स्थळाला तूर्त नाही कळवा. आई, चिडू नकोस. मुलगा चांगला असेल, पण पीएचडी अर्धी सोडून मी येणार नाही, आणि त्यांना ताटकळत ठेवणं बरं नाही. ताईला सांग, तिच्या साडीचे पैसे मी वेगळे पाठवते, हप्त्यात बसवू नका. राजाला डॉक्टरांकडे शनिवारी न्या, रविवारी दवाखाना बंद असतो.

तुमची,
मनू