काळजी करू नका, घोडी बरी आहे

न्यूमार्केट, इंग्लंड
फेब्रुवारी

तीर्थरूप बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

त्या रात्री फोनवर मी तुटक बोललो आणि ठेवून दिला. आईने त्यावरून काय काय मनात आणलं असेल ते मला माहीत आहे, म्हणून सगळं नीट लिहितो. मी ठणठणीत आहे. मला लाथ बसलेली नाही. नोकरीही शाबूत आहे. पोटात दुखत होतं ते घोडीच्या, आणि तीही आता चंदी खायला लागली आहे.

बाबा, आमच्या शर्यतीच्या तबेल्यातली तीन वर्षांची फिली, म्हणजे तरणी घोडी आहे. पायाला सूज म्हणून तिचा गॅलप, म्हणजे दौडीचा सराव, बंद करून ठाणावरच ठेवली होती. त्यात कडाक्याची थंडी, बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा. गार पाण्याला ती तोंड लावेना, चालणं बंद, आणि खायला कोरडं गवत. पुढचं तुम्हाला सांगायला नको.

आई, तुला मात्र इथली एक रीत सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. इथे घोड्यांना पेपरमिंटच्या गोळ्या देतात. पोलो, त्याच, मधे भोक असलेल्या, आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात तशा. सईस, रायडर, नालबंद, डॉक्टर, प्रत्येकाच्या जॅकेटच्या खिशात एक पुडकं असतंच. नाल ठोकून झाली, एक गोळी. इंजेक्शन टोचलं, एक गोळी. गॅलपवरून आला, एक गोळी. पिकल्या केसांची माणसं दुकानातून पुडकी घेऊन येतात, चहाच्या वेळी एक स्वतःच्या तोंडात आणि एक घोड्याच्या. आपल्याकडे गूळ, गाजर समजू शकतं, पण पेपरमिंट? मी विचारलं तर म्हणाले, त्यांना आवडतं, पूर्वीपासून देतो. आणि खरंच आवडतं. पुडक्याचा कागद नुसता चुरचुरला की ओळीतल्या सगळ्या अर्ध्या दारांवरून माना बाहेर येतात.

त्या संध्याकाळी कागद चुरचुरला आणि हिची मान आली नाही. आत गेलो तर वरचा ओठ उलटा करत होती, मधेच वळून कुशीकडे बघत होती, पुढच्या पायाने भुसा उकरत होती. लीद थोडी, सुकलेली. तुम्ही शिकवलंत तसा कुशीला कान लावला. एरवी गुडगुड चालू असते, ती जवळजवळ बंद. जबड्याखालची नाडी मोजली, 52. स्वस्थ घोड्याची 28 ते 44 असते, 60च्या वर गेली तर प्रकरण गंभीर. गवत काढून घेतलं आणि हेड लॅडला, म्हणजे आमच्या मुख्य सईसाला, हाक मारली.

बाबा, तुम्ही फोनवर ओवा-हिंगाचा काढा पाजायला सांगितलात. इथे तोंडाने काही ओतू देत नाहीत, ठसका लागला तर फुप्फुसात जातं म्हणून. घोड्याला ओकता येत नाही हे तुम्ही जाणताच. म्हणून डॉक्टरने नाकातून नळी थेट पोटात घातली, आधी आत काही तुंबलंय का ते बघितलं, मग भरपूर पाणी आणि सैंधवासारखं रेचक मीठ सोडलं. त्याआधी कळ थांबायचं इंजेक्शन दिलं आणि हात घालून तपासलं. मोठं आतडं डावीकडे जिथे वळतं आणि अरुंद होतं, तिथेच सुकलेल्या लिदीचा गोळा अडकला होता. पीळ नव्हता. पीळ असता तर रात्रीतच ऑपरेशन.

रात्रभर चालवायचंही नाही म्हणतात. थोडं फिरवायचं, शांत पडून राहिली तर पडू द्यायचं, लोळायला लागली तरच उठवायचं. मी दारात बसून होतो. पहाटे तिने लीद टाकली, मऊ, ओली, आणि मी तिथेच देवाला हात जोडले. आता तिला कोमट पाणी आणि भिजवलेलं गवत.

घोडी गेली तर माझ्यावर बालंट येईल, असं आई म्हणाली म्हणे. तसं इथे होत नाही. लीद कमी आहे हे मी दुपारीच पाटीवर लिहिलं होतं. हेल्मेट असतं, आणि कळ आलेल्या जनावराच्या मागे मी उभा राहत नाही. जेवतोही वेळेवर. भाकरी रोज होत नाही एवढंच.

ताईच्या साखरपुड्याला मला येता येणार नाही. हे फोनवर सांगायचं होतं, जमलं नाही. मेच्या सुरुवातीला इथे गिनीजच्या मोठ्या शर्यती असतात, तोवर कुणालाच सुट्टी नाही. लग्न 15 मेच्या पुढे धरलंत तर मी नक्की येतो, रजा मिळाली आहे. मुलाकडच्यांचा आधीच्या मुहूर्ताचा हट्ट असेल तर माझ्यासाठी मोडू नका, पण एकदा विचारून बघा. ताईला मी वेगळा फोन करतो. ती रागावली असेल तर रागावू दे.

80 हजार पाठवले आहेत. त्यातून कार्यालयाचा विसार द्या आणि पतसंस्थेचा हप्ता भरा. बाबा, हप्त्यासाठी पुन्हा रात्रपाळी धरू नका, कमी पडलं तर मला सांगा. फुरसुंगीच्या स्थळाला माझं काम खरं काय ते सांगा, घोड्याचं आहे, पहाटे चारला उठावं लागतं, वर्षातून एकदाच घरी येता येतं. एवढं ऐकून मुलगी हो म्हणाली तर मे महिन्यात बघू. विसाराची पावती ताईच्या नावाने घ्या आणि फोटो पाठवा.

तुमचा,
बाळू